कलाभवन आणि पांढरपेशे आपण

बडोद्यास दांडिया बाजाराकडून राजमहाल रस्त्याला लागले की कलाभवनाची वास्तू लागते. आज तेथे महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा आहे. गेल्या वर्षी आमच्या पुतणीची मुलगी तेथे प्रवेश घेण्यासाठी आली, तेव्हा तिने आम्हांस एक साधा प्रश्न विचारला : "आजोबा, इथे चित्रकला, गायन काहीच शिकवत नाहीत, मग याला कलाभवन का म्हणतात?"

प्रश्न साधा खरा, पण त्याच्या उत्तरात शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास दडलेला आहे. 'कला' या शब्दाचा अर्थ आपण अलीकडे फार आकसून टाकला. आपल्या पूर्वजांच्या चौसष्ट कलांच्या यादीत गीत, वाद्य, नृत्य यांच्याबरोबर तक्षण म्हणजे सुतारकाम आणि वास्तुविद्या यांचाही समावेश होता. हाताने काही घडवणे आणि ते जाणून घडवणे, ही कला. १८९० मध्ये ज्यांनी या संस्थेचे नाव ठेवले, त्यांच्या मनात हाच अर्थ होता. तो अर्थ पुढे का हरवला आणि तो हरवण्यात आपल्यासारख्या बडोदेकर मराठी घराण्यांचा वाटा किती, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

सयाजीराव महाराजांना राज्याचे पूर्ण अधिकार डिसेंबर १८८१ मध्ये मिळाले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबातून १८७५ साली दत्तक आलेला हा राजा त्या वेळी एकोणीस वर्षांचाही नव्हता. पुढील दहा-बारा वर्षांत त्यांनी शिक्षणाची जी घडी बसवली, तिची कीर्ती आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्याला लागू करण्यात आला. एवढ्या मोठ्या प्रमाणावर असा प्रयोग त्यापूर्वी हिंदुस्थानात अन्यत्र झाला नव्हता.

परंतु शाळा काढणाऱ्या प्रत्येक राज्यकर्त्यापुढे एक अडचण उभी राहते. मुलगा शिकला, पुढे काय? कॉलेजातून बाहेर पडणारा तरुण एकतर वकिली करील किंवा कचेरीत जागा मागेल. कचेरीत जागा किती असणार? राज्याची प्रजा शेतीवर आणि गावोगावच्या कारागिरीवर जगत होती. पाटणचे पटोळे, विसनगरची तांब्यापितळेची भांडी, संखेड्याचे लाखकामाचे लाकडी सामान हे सारे बडोदे राज्यातलेच. या कारागिरांची मुले शाळेत आली तर त्यांना काय शिकवावे, आणि आली नाहीत तर त्यांच्या धंद्यांचे काय होणार, हा प्रश्न त्या वेळी नुसता तात्त्विक राहिला नव्हता.

रंगाऱ्यांचेच उदाहरण घ्यावे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडचा रंगारी आलीच्या मुळांपासून आणि मंजिष्ठापासून लाल रंग काढी, निळीच्या माठातून निळा काढी, हळद व डाळिंबाची साल वापरून पिवळा काढी. तुरटीने रंग कसा धरतो, कापडाला तेल किती वेळा पाजावे, कोणत्या विहिरीचे पाणी चालते, हे त्याला ठाऊक असे. का चालते, हे मात्र ठाऊक नसे आणि ते ठाऊक असण्याची गरजही नव्हती. १८५६ मध्ये इंग्लंडात पर्किनने डांबरापासून जांभळा रंग तयार केला. पुढे १८६८-६९ च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञांनी मंजिष्ठातला लाल रंग प्रयोगशाळेत तयार केला, आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. म्हणजे अवघ्या चाळीस वर्षांत आपल्या रंगाऱ्याची सर्व विद्या निरुपयोगी ठरली. त्याच्या हाती परदेशी भुकटीचे डबे आले. ते कसे वापरावेत हे त्यास कोणी सांगितले नव्हते. रंग पहिल्या धुण्यात उतरू लागले आणि दोष मात्र देशी कापडावर आला. हात कसबी होता, पण हाताला ज्ञानाची जोड राहिली नव्हती. ही जोड पुन्हा कशी द्यावी, यातून कलाभवनाचा जन्म झाला.

ही कल्पना ज्यांच्या डोक्यात पक्की झाली होती ते प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. योगायोग असा की त्यांचा जन्म महाराजांच्याच जन्मवर्षी, १८६३ मध्ये, सुरतेस झाला. सुतारकामाची परंपरा असलेल्या ज्ञातीत ते जन्मले आणि रसायनशास्त्राचे पदवीधर झाले. रंधा आणि परीक्षानळी या दोन्हींशी नाते असलेला असा माणूस त्या काळी विरळाच. बडोदे कॉलेजात ते प्राध्यापक म्हणून आले आणि महाराजांपुढे त्यांनी उद्योगशिक्षणाची योजना ठेवली. १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले आणि गज्जर त्याचे पहिले प्राचार्य झाले.

त्या सुमारास हा विषय पश्चिम हिंदुस्थानात सर्वत्र चर्चेत होता. मुंबईस १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटची स्थापना झाली होती. पुण्यास न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्येच औद्योगिक परिषद भरली. रानड्यांचे म्हणणे असे की, देश नुसता शेतीवर टेकून राहिला तर दुष्काळाच्या दयेवर जगेल, म्हणून उद्योग उभे केले पाहिजेत. पण सभेतला ठराव आणि चालते वर्ग यांत अंतर असते. बडोद्यास राजाची इच्छा, तिजोरीतला पैसा आणि योजना आखणारा माणूस हे तिन्ही एकाच वेळी एकत्र आले, म्हणून तेथे वर्ग चालू झाले. चित्रकला, वास्तुकला, यंत्रकला, विणकाम, रंगकाम व रसायन अशा शाखा सुरू झाल्या. रंगशाळेसाठी गज्जरांनी जर्मन रंग-कंपन्यांचे साहाय्य मिळवले. ज्यांच्या मालाने आपला रंगारी बुडाला, त्यांच्याकडूनच विद्या घ्यावयाची, यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

गज्जरांच्या योजनेतला सर्वांत धाडसी भाग भाषेचा होता. मुंबईच्या संस्थेत सारे इंग्रजीतून चाले. गज्जरांचे मत असे की, ज्याला इंग्रजी येते तो हातकामाकडे वळत नाही आणि जो हातकाम करतो त्याला इंग्रजी येत नाही. तेव्हा शास्त्र त्याच्या भाषेत आणल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून कलाभवनातले शिक्षण गुजरातीतून द्यावयाचे ठरले. त्यासाठी शास्त्रीय व तांत्रिक विषयांवरील पुस्तकांची 'सयाजी ज्ञानमंजूषा' ही माला महाराजांच्या आश्रयाने हाती घेण्यात आली. रंगकामावर 'रंगरहस्य' नावाचे नियतकालिकही निघू लागले. रंगाऱ्याच्या मुलाने आपल्या भाषेत रंगाचे रहस्य वाचावे, अशी ही कल्पना. राजा मराठी आणि प्राचार्य गुजराती असूनही भाषेचा वाद न करता, बहुसंख्य कारागिरांना कोणती भाषा कळते एवढेच पाहिले गेले, ही गोष्ट आजही लक्षात घेण्याजोगी आहे.

महात्माजींनी १९३७ मध्ये वर्धा येथे मूलोद्योगी शिक्षणाची योजना मांडली, तेव्हा त्यांनी हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे असे सांगितले. गज्जरांची दिशा जवळजवळ उलट होती : शास्त्र घेऊन उद्योगाकडे जावे. गांधीजींना शाळेत चरखा हवा होता, गज्जरांना रंगाऱ्याच्या माठाशेजारी प्रयोगशाळा हवी होती. दोघांचे निदान मात्र एकच होते. हात आणि डोके वेगवेगळ्या माणसांकडे राहिले, यात आपल्या समाजाचे नुकसान झाले, असे दोघांनाही दिसले होते.

कलाभवनाच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत एक नाव असे आहे की जे प्रत्येक मराठी माणसास ठाऊक आहे, पण त्याचा बडोद्याशी संबंध फार थोड्यांना आठवतो. ते नाव धुंडिराज गोविंद फाळके. त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेले दादासाहेब प्रथम मुंबईस जे. जे. कलाशाळेत शिकले आणि नंतर बडोद्यास कलाभवनात आले. येथे त्यांनी चित्रकलेबरोबर शिल्प, वास्तुकला आणि छायाचित्रण यांचा अभ्यास केला. गज्जरांनी या मुलाची चमक ओळखली आणि १८९१ मध्ये त्यास ठसे तयार करण्याची व छपाईची प्रक्रिया शिकण्यासाठी रतलामला पाठविले. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईस 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. त्याची कथा, नेपथ्य व रासायनिक प्रक्रिया या गोष्टी एकाच माणसाने जाणून केल्या होत्या. आपण त्यांना कलावंत म्हणतो आणि ते खरेच आहे. परंतु फिल्म धुण्याचे रसायन ज्याला स्वतःच्या हाताने कालवता येते, असा तो कलावंत होता. पटोळ्यापासून चित्रपटापर्यंत 'कला' या शब्दाचा जो पल्ला कलाभवनाला अभिप्रेत होता, त्याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस सापडत नाही.

येथवरचा इतिहास अभिमानाचा आहे. पण अभिमानाच्या गोष्टी सांगून थांबणे हा आपल्या समारंभांचा रिवाज आहे, अभ्यासाचा नव्हे. कलाभवनाच्या मर्यादाही लवकरच दिसू लागल्या.

पहिली गोष्ट अशी की, गज्जरांनी १८९६ मध्ये बडोदे सोडले. मुंबईस जाऊन त्यांनी आपली रासायनिक प्रयोगशाळा उभारली. राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला फासलेले डांबर त्यांनी रसायनाने काढले आणि काळवंडलेले मोती उजळण्याची युक्ती शोधली. त्यांचेच विद्यार्थी कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्यासह त्यांनी १९०७ मध्ये ॲलेंबिक केमिकल वर्क्सचा पाया घातला. हा कारखाना पुढे बडोद्याच्या उद्योगाचे भूषण झाला. या तिघांत कोटिभास्कर हे मराठी नाव आहे, हेही आपल्या लक्षात असावे. मात्र गज्जर गेल्यानंतर देशी भाषेतून शास्त्र शिकविण्याची ती मोहीम मंदावली आणि कालांतराने कलाभवनातही इंग्रजीने जागा घेतली. माणसाच्या जिद्दीवर उभी राहिलेली योजना माणूस गेल्यावर कशी खचते, हे आम्ही सरकारी नोकरीत पुढे अनेकदा पाहिले.

दुसरी गोष्ट उद्योगांची. शिकलेल्या हाताला काम देणारे कारखाने राज्यात पुरेसे नव्हते. दरबाराने स्वतः काही कारखाने काढून पाहिले. गणदेवीचा साखर कारखाना व बडोद्याची कापड गिरणी ही त्यांतली उदाहरणे. पण सरकारने व्यापार करावा आणि तो फायद्यात चालावा, हे तेव्हाही सोपे नव्हते. १९०२ मध्ये अहमदाबादेस काँग्रेसच्या अधिवेशनाबरोबर जे औद्योगिक प्रदर्शन भरले, त्याचे उद्‌घाटन महाराजांनी केले आणि देशाच्या औद्योगिक मागासलेपणाविषयी ते तेथे मोकळेपणाने बोलले. पुढे १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. शिक्षण, भांडवल आणि बाजार या तीन गोष्टी एकत्र आल्याशिवाय उद्योग उभा राहत नाही, हे महाराजांना अनुभवाने पटले होते. कलाभवन आधी आले, बँक अठरा वर्षांनी आली. त्या मधल्या काळात शिकून बाहेर पडलेल्यांनी अहमदाबाद-मुंबईच्या गिरण्यांची वाट धरली असेल, तर त्यात नवल नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत अडचणीची आहे. कारागिराच्या घरी मुलगा दहाव्या वर्षापासून कमावू लागे. त्याला दोन-तीन वर्षे वर्गात बसवणे म्हणजे घरातली चूल अर्धी विझवणे होते. ज्याला वर्गात बसणे परवडत होते तो पांढरपेशा होता, आणि त्याला हातकामाची लाज वाटत होती. कारागिराला वेळ नाही आणि वेळ असलेल्याला इच्छा नाही, या दोहोंच्या मध्ये कलाभवन उभे होते.

येथे आमच्या घरची एक हकीकत सांगणे प्राप्त आहे. आमचे पणजोबा हुजूर कचेरीत अवल कारकून होते. आजोबाही त्याच वाटेने गेले आणि महालातल्या वहिवाटदाराच्या कचेरीतून निवृत्त झाले. आजोबांचे धाकटे बंधू मात्र मॅट्रिकच्या आधीच शाळेस रामराम ठोकून कलाभवनाच्या रंगशाळेत दाखल झाले. घरात त्या दिवशी सुतक असल्यासारखे वातावरण होते, असे आजी सांगत. पणजोबा त्यांच्याशी वर्षभर बोलले नाहीत. संध्याकाळी ते घरी येत, तेव्हा कोपरापर्यंत हात निळे किंवा तांबडे असत. म्हणून त्यांना पंक्तीत शेवटी बसवत. मुलगी सांगून येईना. शेवटी देशावरून एका मास्तरांच्या घरची मुलगी आणावी लागली. पुढे ते अहमदाबादेस एका गिरणीत रंगखात्यात लागले आणि वाढत वाढत डाइंग मास्तर झाले. घरात त्यांचे नाव कायमचे 'रंगारी' पडले. आम्हीही त्यांना रंगारी आजोबाच म्हणत असू.

१ मे १९४९ रोजी बडोदे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले. आमच्या पिढीतील वाचकांनी ते दिवस पाहिले नसले, तरी घरोघरी ते ऐकले आहेत. कचेऱ्या राहिल्या, पण त्या आपल्या राहिल्या नाहीत. मोडी वळणाला किंमत उरली नाही. दरबारात ओळख असणे हे जे आपले अदृश्य भांडवल होते, ते एका रात्रीत संपले. आमच्या वडिलांचे तेव्हा शिक्षण नुकतेच आटोपले होते आणि हुजूर कचेरीत त्यांची जागा ठरल्यासारखीच होती. ती गेली. त्यानंतरची तीन वर्षे आमचे घर अहमदाबादहून दरमहा येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालले. ती रंगारी आजोबांची असे. कूपनावर खुशालीच्या दोन ओळींपलीकडे ते कधी काही लिहीत नसत. पंक्तीत शेवटी बसवलेला माणूस घराला पोसत होता, आणि तरीही ते रंगारीच राहिले. आम्हांस आठवते ते त्यांचे अगदी उतारवय. नवे लुगडे घरात आले की ते काठाचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासून पाहत आणि मग मान डोलवत. ते गेल्यावर त्यांच्या रंगांच्या नमुन्यांची वही कोणी तरी रद्दीत घातली. घरातल्या कारकुनी हुकमांचे कागद मात्र आजही कपाटात जपून ठेवलेले आहेत.

ही गोष्ट एकट्या आमच्या घरची नसावी. ग्वाल्हेर-इंदूरची संस्थाने १९४८ मध्ये मध्यभारतात गेली, त्याच वर्षी हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. प्रत्येक ठिकाणी कारण निराळे, पण कचेरी, शाळा आणि वकिली यांवर विसंबलेल्या मराठी घरांची झालेली कुचंबणा सारखीच. राज्य बदलले की दरबारी भाषा बदलते, शिक्के बदलतात. लेथवर लोखंड कातण्याची रीत बदलत नाही, आणि रंग पक्का की कच्चा हे ठरवण्यासाठी कोणत्याही राजभाषेची गरज लागत नाही.

आपल्या सीमाभागातच याचे उलट उदाहरण आहे. बेळगाव जिल्ह्यातील लक्ष्मणराव किर्लोस्कर हेही फाळक्यांप्रमाणे प्रथम जे. जे. मध्ये चित्रकला शिकावयास गेले. डोळ्यांना रंगांतला भेद नीट कळत नाही असे आढळले, म्हणून ते यांत्रिक रेखनाकडे वळले आणि मुंबईच्या टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली, बेळगावात सायकली विकल्या व दुरुस्त केल्या, लोखंडी नांगर केले, आणि १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तिकडे तळेगावास अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ मध्ये काचेचा कारखाना निघाला. एकेका पैशाच्या वर्गणीवर उभ्या राहिलेल्या त्या कारखान्यात काचकाम शिकलेली माणसे पुढे अन्यत्र पसरली. म्हणजे मराठी माणसाला हातकाम जमत नाही, हे म्हणणे खोटे आहे. संस्थानी छत्राखाली त्याला ते करण्याची गरज वाटली नाही, एवढेच खरे.

आम्ही स्वतः राज्य शासनाच्या सेवेत तीन दशकांहून अधिक काळ होतो आणि त्यातील बरीचशी वर्षे प्रशिक्षणाच्या कामात गेली. स्वतंत्र भारताने १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू केली. तिच्यातून आपल्या ओळखीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. फिटर, टर्नर, वेल्डर, तारतंत्री या शब्दांना त्यामुळे सरकारी प्रमाणपत्राची प्रतिष्ठा मिळाली. या संस्थांच्या तपासणीस आम्ही गावोगाव गेलो. एका ठिकाणी नवी यंत्रे खोक्यांतून बाहेरच काढली नव्हती, कारण ती चालवून दाखवणारा निदेशक नेमलेला नव्हता. दुसऱ्या ठिकाणी चाळीस वर्षांपूर्वीची यंत्रे होती, पण निदेशक असा की, त्याच्या हाताखालची मुले शिक्षण संपण्याआधी कारखानदार मागून नेत. आमच्या अहवालात पहिली संस्था सुसज्ज म्हणून नोंदली गेली व दुसरीस त्रुटी दाखवल्या गेल्या, कारण नमुन्यात यंत्रांचे रकाने होते, शिकवणाऱ्याच्या हाताचा रकाना नव्हता. आम्ही तो नमुना बदलण्याविषयी एकदा वरिष्ठांना लिहिले. उत्तर आले नाही, आणि आम्हीही पुन्हा लिहिले नाही. ही चूक आमचीही आहे.

त्या संस्थांच्या हजेरीपटांवर आम्ही सवयीने एक गोष्ट पाहत असू. आपल्या आडनावांची मुले त्यांत किती? बडोद्यासारख्या शहरात, जेथे मराठी वस्तीचे वाडेच्या वाडे आहेत, तेथेही जुन्या दरबारी घराण्यांतले आडनाव क्वचितच आढळे. सुतार, लोहार, शेतकरी, आदिवासी, दलित आणि गिरणी कामगारांची मुले तेथे असत. ज्यांना पर्याय नव्हता ती तेथे होती, आणि ज्यांना पर्याय होता त्यांनी तो वापरला होता.

आम्हीही वापरला. आमच्या मुलास दहावीनंतर यंत्रदुरुस्तीचे वेड होते. त्याने संस्थेत जाऊन मोटारीचे काम शिकतो म्हणून सांगितले. 'श्रमप्रतिष्ठा' या विषयावर आम्ही त्याच महिन्यात एका पारितोषिक समारंभात भाषण केले होते. घरी मात्र आम्ही त्यास स्पष्ट नकार दिला, आणि नकार देताना आमच्या तोंडून शब्द निघाला तो 'रंगारी'. मुलगा अभियंता झाला, आज पुण्यास संगणकाच्या क्षेत्रात आहे व सुस्थितीत आहे. त्याने आम्हांस कधी दोष दिला नाही. पण सुट्टीत घरी आला की पहिल्या दिवशी तो अंगणातल्या आमच्या जुन्या स्कूटरचे इंजिन उघडून बसतो, आणि त्याचे काळे झालेले हात पाहिले की आम्हांस अहमदाबादहून येणाऱ्या त्या मनीऑर्डरी आठवतात.

आज कौशल्यविकासाची मोठी भाषा आपण ऐकतो. केंद्रात त्यासाठी २०१४ मध्ये स्वतंत्र मंत्रालय झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहाव्या इयत्तेपासून मुलांना एखाद्या हुन्नराची ओळख करून द्यावी आणि शिक्षणात मातृभाषेला स्थान द्यावे, असे सांगितले आहे. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की यातले बरेचसे १८९० च्या कलाभवनात होते. चांगल्या कल्पना आपल्याकडे कमी पडत नाहीत. त्या राबवण्याच्या वेळी प्रत्येकाला वाटते की त्या शेजाऱ्याच्या मुलासाठी आहेत. धोरणाचे यश शेवटी घरातल्या पंक्तीत ठरते. निळ्या हाताच्या माणसाला आपण कोठे बसवतो, यावर ते अवलंबून आहे.

आपल्यासारख्या वाङ्मयप्रेमी मंडळींनी यात काय करावे? कारखाने काढणे आपल्याला शक्य नाही. पण दोन गोष्टी सहज करता येतील. सयाजीरावांच्याच आश्रयाने १९३१ मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश निघाला. कचेरीच्या शब्दांची अशी काळजी घेतली गेली. कारखान्याच्या, मागाच्या, रंगशाळेच्या शब्दांची कोणी घेतली? आपल्या गावातील मराठी सुतार, शिंपी, सोनार, मूर्तिकार, जुन्या गिरणीतले मास्तर यांच्या तोंडचे शब्द अजून जिवंत आहेत. ते टिपून ठेवणे आपल्या मंडळाच्या आवाक्यातले काम आहे. आणि दुसरी गोष्ट अशी की, प्रत्येक जुन्या घराण्यात कोणी तरी एक रंगारी, फिटर किंवा घड्याळजी झालेला असतो आणि वंशावळीत त्याच्या नावापुढे काही लिहिलेले नसते. त्याची हकीकत विचारून लिहून ठेवावी.

त्या मुलीच्या प्रश्नाला आम्ही त्या दिवशी दारातच उत्तर दिले. कला म्हणजे जे हाताने येते आणि डोक्याने समजते ते, आणि हे भवन त्यासाठी बांधले, असे सांगितले. तिने थोडा विचार केला व विचारले, "मग आपल्या घरातलं कोणी इथे शिकलं होतं का?"

आम्ही "हो" म्हटले, आणि प्रथमच त्यांचे खरे नाव घेऊन सांगितले.